कापला, पण पुढं काय केलं?

स्वीडनमधलं गोथेनबर्ग, १५ जून १९५८. सोव्हिएत संघाविरुद्धचा ब्राझीलचा सामना सुरू होऊन मिनिटही उलटलं नव्हतं. उजव्या बगलेला गॅरिंचाकडे चेंडू आला. त्यानं समोरच्या बॅकला थांबवलं, झुलवलं, मागं टाकलं आणि आत घुसून मारलेला फटका खांबावर आदळला. पाठोपाठ पेलेचा फटकाही चौकटीला लागून परत आला. तिसऱ्या मिनिटाला व्हावानं गोल केला. फुटबॉलच्या इतिहासातली ही सर्वांत थोर तीन मिनिटं, असं फ्रेंच पत्रकार गाब्रिएल हानो यांनी म्हटलं आणि त्यांचं ते मत आजही लोक मान डोलावून सांगतात.

गॅरिंचाचा वर्ल्ड कपमधला तो पहिलाच सामना. त्याचे दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले, एक दुसऱ्यापेक्षा आखूड. त्याच्याकडे डॉज म्हणाल तर मुख्यतः एकच होता: आत जातोय असं दाखवायचं आणि बाहेरून निघायचं. तो प्रत्येक बॅकला ठाऊक होता आणि प्रत्येक बॅक त्याला फसत होता. २९ जूनच्या अंतिम सामन्यात स्वीडननं पहिला गोल केला. मग गॅरिंचानं उजवीकडून तसाच बॅक काढला, गोलरेषेपाशी गेला, चेंडू आत दिला, व्हावानं गोल केला. थोड्या वेळानं पुन्हा जवळजवळ हुबेहूब तेच. ब्राझील ५-२ जिंकलं. परिणामकारक ड्रिबलिंग कशाला म्हणायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला नंतरच्या कुठल्याही व्याख्येत सापडलेलं नाही.

त्या दिवशी गॅरिंचानं किती वेळा बॅकला आव्हान दिलं, किती वेळा जमलं, किती वेळा चेंडू गेला, याचा तक्ता कुणाच्याही हातात नव्हता. आज पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर सामना बघता बघता सांगतो, ‘यशस्वी ड्रिबल ७ पैकी ३.’ आकडा खरा असतो. पण त्यातल्या चार फसलेल्यांपैकी एखाद्यानं बॅकच्या मनात कायमची धास्ती बसवली असेल, तर ती त्या मुलाच्या मोबाइलवर कुठं दिसणार?

आम्ही कोल्हापूरची माणसं ही विद्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून शिकलो. तालमींच्या संघांचे सामने, पेठापेठांची ईर्ष्या, पाटाकडील आणि शिवाजी तरुण समोरासमोर आले की उन्हाची पर्वा न करता भरलेली गॅलरी. तिथं ड्रिबलिंगला आवाजाचं माप होतं आणि ते माप फार बारीक होतं. एखाद्या फॉरवर्डनं बॅकला कापलं की पहिला आवाज उठायचा. त्यानं मान वर करून योग्य वेळी चेंडू सोडला की दुसरा, त्याहून मोठा. आणि कापून झाल्यावरही तो तिथंच घुटमळला, त्याच बॅकला पुन्हा कापायला थांबला, तर पाठीमागून एखादा जाणता म्हातारा ओरडायचा, ‘आरं, नाचतोस काय? सोड की!’ चेंडू कुठं हरवला यालाही महत्त्व होतं. समोरच्या गोलजवळ गेला तर माफी, आपल्या अर्ध्यात गेला तर संध्याकाळपर्यंत उद्धार. माझे काका तर सामन्यानंतर विचारायचे ते एकच: ‘कापला, पण पुढं काय केलं?’ आकडेशास्त्रानं गेल्या काही वर्षांत जो प्रवास केला, तो मला या एका प्रश्नाभोवतीच फिरताना दिसतो.

मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप भरायचा. कोलकाता, हैदराबादचे मोठे संघ यायचे. चुनी गोस्वामींचं ड्रिबलिंग ज्यांनी पाहिलं, ते त्याबद्दल बोलताना हात हलवून दाखवायचे, कारण नुसत्या शब्दांनी त्यांचं समाधान होत नसे. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार. (याच माणसानं पुढं १९७१-७२च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचं नेतृत्व केलं, हे मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.) नंतर ईस्ट बंगालचा कृशानू डे आला, लोकांनी त्याला भारताचा मॅराडोना म्हटलं. या दोघांच्या ड्रिबलिंगची टक्केवारी आज कुठल्याही तक्त्यात वाचायला मिळत नाही. बघणारी पिढी संपली की ते ड्रिबलिंगही संपणार, याची हळहळ मला आकड्यांच्या बाजूनं बोलायला लावते. मोजलं असतं तर काहीतरी उरलं असतं.

मोजायला सुरुवात झाली होती, पण भलतीकडून. १८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमधल्या स्विंडनच्या मैदानावर चार्ल्स रीप नावाचे हवाई दलातले अधिकारी पेन्सिल आणि वही घेऊन बसले आणि संघाची प्रत्येक चढाई टिपू लागले. पुढची कित्येक वर्षं त्यांनी हे काम सोडलं नाही. त्यांनी मोजल्या त्या मुख्यतः पासच्या साखळ्या. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात, असं त्यांना आढळलं आणि त्यावरून लांब चेंडू मारण्याचा मंत्र निघाला. मुळात बहुतेक चढायाच तीन पासच्या आत संपतात, म्हणून बहुतेक गोलही तिथंच मोजले जाणार, ही साधी गोष्ट नजरेआड झाली. इंग्लंडच्या फुटबॉलनं त्या मंत्राची किंमत बराच काळ मोजली. चेंडू डोक्यावरून जाऊ लागला की पायात चेंडू ठेवून माणसावर जाणाऱ्याला कोण विचारतो?

आणि हे त्या देशात, जिथं हा खेळ सुरुवातीला ड्रिबलिंगचाच होता. १८७२ साली ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा इंग्रज खेळाडू चेंडू घेऊन एकेकटे घुसत होते, सोबती मागोमाग धावत होते. पास देऊन खेळणं ही स्कॉटिश मंडळींची खासियत. सामना ०-० सुटला. पण त्याच भूमीत स्टॅन्ली मॅथ्यूजही झाले. १९५३च्या एफए कप अंतिम सामन्यात अडतिसाव्या वर्षी त्यांनी उजव्या बगलेवरून बोल्टनची फळी अशी उसवली, की ब्लॅकपूल १-३ वरून ४-३ जिंकलं. हॅटट्रिक मॉर्टेन्सनची, पण लोक त्या सामन्याला मॅथ्यूजचा सामना म्हणतात. लोकांनी केलेलं हे मोजमाप मला मान्य आहे.

ऑप्टा ही आकडेवारीची कंपनी १९९६ची. तिच्यासारख्या कंपन्यांनी पहिलं काम केलं ते व्याख्येचं. पायात चेंडू असताना प्रतिस्पर्ध्याला मागं टाकण्याचा प्रयत्न म्हणजे एक ‘टेक-ऑन’. मागं टाकलं आणि चेंडू आपल्याकडेच राहिला तर यशस्वी, हिरावला गेला तर अयशस्वी. समोर कुणी नसताना चेंडू घेऊन काही मीटर पुढं धावणं हे वेगळं, त्याला ‘कॅरी’ म्हणायचं. ही विभागणी चांगलीच आहे. आमच्या गॅलरीतही मोकळ्या रानात पळणाऱ्याला कुणी ड्रिबलर म्हणत नसे.

पण या व्याख्येच्या चाळणीतून काय काय खाली पडतं ते बघा. १९७० सालच्या वर्ल्ड कपच्या उपांत्य सामन्यात टोस्टाओचा पास उरुग्वेच्या गोलकीपरकडे, मझुरकिएविचकडे निघाला. पेले धावत आला, चेंडूला शिवलाच नाही. चेंडू गोलकीपरच्या एका बाजूनं गेला, पेले दुसऱ्या बाजूनं. मागं वळून त्यानं फटका मारला, तो खांबाच्या किंचित बाहेरून गेला. हिशेब काय? चेंडूला स्पर्श नाही, म्हणजे ड्रिबल नाही. फटका गोलबाहेर. गोलकीपरला इतकं पूर्ण फसवण्याची दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही आणि वहीत तिच्या नावावर फक्त एक वाया गेलेला फटका. किंवा १९७४ सालच्या वर्ल्ड कपमधला डॉर्टमुंडचा सामना घ्या. योहान क्रायफनं स्वीडनच्या यान ओल्सनसमोर चेंडू मारण्याचा आव आणला आणि तो स्वतःच्याच पायांमागून ओढून उलट दिशेला निघून गेला. एक यशस्वी टेक-ऑन. गोल झाला नाही, सामनाही ०-० सुटला. पण जगभरची मुलं दुसऱ्या दिवसापासून तेच करू लागली, अजूनही करताहेत. हा परिणाम कुणाच्या खात्यात टाकायचा?

उलट बाजूही तितक्याच खरेपणानं सांगितली पाहिजे. जुन्याबद्दलचं प्रेम आपल्याला आंधळं करतं. तेव्हाच्या ड्रिबलरचे फसलेले प्रयत्न आपण विसरलो आहोत. स्मरणात राहतात ती उत्तम दहा सेकंदं, उरलेली ऐंशी मिनिटं गळून जातात. स्वतः गॅरिंचासुद्धा सतत चेंडू घालवत असणार. जो इतक्या वेळा बॅकवर जातो त्याचा चेंडू जाणारच. आजच्या वरच्या दर्जाच्या लीगमध्येही निम्म्याच्या आसपासच टेक-ऑन जमतात. पास मात्र शंभरात ऐंशीहून अधिक नीट पोचतात. आता हे दोन आकडे एकाच कागदावर शेजारी ठेवले, की प्रशिक्षकाचा कल कुठं जाणार ते उघड आहे. इथंच मोजमापानं या कलेवर अन्याय केला असं मला मनापासून वाटतं. मागं दिलेला सुरक्षित पास आणि दोघांना कापून पेनल्टी बॉक्समध्ये घुसण्याचा प्रयत्न यांना एकाच टक्केवारीत तोलणं म्हणजे कर्जबाजारी न झालेल्या माणसाला यशस्वी व्यापारी म्हणणं.

आणि जुन्या आणि नव्याची टक्केवारीत तुलना तर करूच नये. तेव्हा हिवाळ्यात इंग्लिश मैदानांचा चिखल व्हायचा, चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा. लाल-पिवळी कार्डं वर्ल्ड कपमध्ये आली तीच १९७० साली. त्यानंतरही १९८२मध्ये इटलीच्या क्लॉडिओ जेंटिलेनं एकाच सामन्यात मॅराडोनाला २३ वेळा नियमबाह्य अडवलं आणि तो शेवटपर्यंत मैदानावर राहिला. आज असं कुणी केलं तर अर्ध्या तासात ड्रेसिंग रूममध्ये बसेल. आजचा विंगर गालिच्यासारख्या गवतावर खेळतो, मागून पाय घालणाऱ्याला लाल कार्ड मिळतं. तुलना करायचीच असेल तर आधी मैदान, चेंडू आणि पंच यांचा हिशेब मांडायला हवा.

मॅराडोनाच्या १९८६च्या वर्ल्ड कपचे आकडे मागाहून जुन्या चित्रफितींवरून काढले गेले, ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. ड्रिबलचे प्रयत्न ९०, दुसऱ्या कुणाहीपेक्षा कितीतरी जास्त. त्याच्यावर झालेले फाउल ५३. गोल ५, गोलसाठीचे पास ५. अर्जेंटिनाचे एकूण गोल १४. म्हणजे तेव्हा आमच्या डोळ्यांनी जे सांगितलं होतं ते आकड्यांनी शब्दशः मान्य केलं. इंग्लंडविरुद्धचा सामना मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता होता, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. दूरदर्शनचा संच ज्या घरी होता तिथं खोलीत, ओसरीवर, खिडकीबाहेर माणसं. दुसरा गोल झाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. हेक्टर एन्रिकेनं आपल्याच अर्ध्यात दिलेला साधा पास, मॅराडोनाची गिरकी, मग बिअर्डस्ली, रीड, बुचर, फेनविक, शेवटी गोलकीपर शिल्टन. चेंडूला अकरा स्पर्श, अकराही डाव्या पायाचे. आम्ही त्या रात्री ‘किती जणांना कापलं’ हे बोटांवर मोजत होतो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येत होता.

त्या गोलमधली एक गोष्ट मात्र आम्हा कुणालाच दिसली नव्हती. डावीकडून व्हाल्दानो धावत होता. त्याला पास द्यायचा विचार आपण करत होतो, असं मॅराडोनानं पुढं सांगितलं. व्हाल्दानोकडे चेंडू जाईल या भीतीनं बचावफळीला पूर्णपणे मॅराडोनावर जाता येईना. ड्रिबलचं यश चेंडू नसलेल्या माणसाच्या धावण्यातही असतं. ते आमच्या डोळ्यांना कळलं नाही आणि पहिल्या पिढीच्या आकड्यांनाही कळलं नाही. ते आता कुठं कळू लागलं आहे.

ही नवी मोजमापं मी हौसेनं वाचतो. जर्मनीत श्टेफान राइनार्ट्झ आणि येन्स हेगेलर या दोन खेळाडूंनीच ‘पॅकिंग’ नावाची पद्धत काढली, ती २०१६च्या युरो स्पर्धेच्या वेळी गाजली. पास किंवा ड्रिबल केल्यावर प्रतिस्पर्ध्याचे किती खेळाडू चेंडूच्या मागं पडले, ते मोजायचं. आम्ही १९८६मध्ये बोटांवर करत होतो तेच. मग करुण सिंग यांची ‘एक्सपेक्टेड थ्रेट’ची मांडणी आली. मैदानाचे १६ गुणिले १२ असे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातून पुढच्या काही हालचालींत गोल होण्याची शक्यता किती ते काढायचं. ज्या चौकोनातून चेंडू उचलला आणि ज्या चौकोनात नेला, त्यांच्या किमतीतला फरक हे त्या धावेचं मोल. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. एखाद्या कृतीनंतरच्या दहा हालचालींत गोल करण्याची शक्यता किती वाढली आणि गोल खाण्याची किती वाढली, दोन्ही बघायचं. आपल्या अर्ध्यात चेंडू घालवणाऱ्याचा संध्याकाळपर्यंत उद्धार का व्हायचा, ते इथं पहिल्यांदा आकड्यात उतरलं.

चौकोनांच्या पद्धतीत एक मोठी उणीव राहते. मोकळ्या मैदानातून नेलेला चेंडू आणि पाच जणांमधून नेलेला चेंडू यांना ती एकच भाव देते. हा फरक टिपायला बावीसही खेळाडूंच्या जागा सेकंदाला पंचवीस वेळा टिपणारे कॅमेरे लागतात. २०१८मध्ये हावियर फर्नांडेझ आणि ल्यूक बोर्न यांनी अशाच नोंदींवरून बार्सिलोनाच्या खेळाडूंनी मिळवलेल्या मोकळ्या जागेचं मोल काढलं. त्यात मेस्सी नुसता चालत चालत किती मौल्यवान जागा मिळवतो ते दिसलं. एका ड्रिबलरच्या भीतीनं दोन बॅक सरकतात, त्यांच्यामागं जागा पडते आणि ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते. ही गोष्ट तपासायचं साधन आता माणसाच्या हाती आलं आहे. गॅरिंचाच्या काळी ते असतं तर उजवीकडे दोघं-तिघं अडकून पडल्यावर डावीकडे काय काय मोकळं झालं, हे आज मला वाचायला मिळालं असतं.

या हिशेबानं बघितलं की गर्दीतून माणसं वेगळी दिसू लागतात. अडामा ट्राओरे २०१६-१७मध्ये मिडल्सब्रोकडून खेळताना प्रीमियर लीगच्या सर्वाधिक ड्रिबल करणाऱ्यांत होता. त्या मोसमात लीगमध्ये त्याचा गोल एकही नाही आणि संघ खालच्या विभागात घसरला. चेल्सीच्या एडन हॅझार्डनं २०१८-१९मध्ये तितक्याच हिमतीनं माणसं काढली आणि लीगमध्ये १६ गोल केले, १५ गोलांसाठी पास दिले. नुसता ड्रिबलांचा तक्ता या दोघांना शेजारी बसवतो. ट्राओरेचा वेग बघताना अंगावर काटा येतो, पण त्या वेळचा निकाल हॅझार्डच्या बाजूनंच द्यावा लागतो.

मला खरं दुःख आहे ते जॅक ग्रीलिशचं. ॲस्टन व्हिलात असताना तो मोजे खाली पाडून, चेंडू पायाला चिकटवून थेट माणसावर जायचा, लाथा खायचा, उठून पुन्हा जायचा. २०२१मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याच्यासाठी १० कोटी पौंड मोजले. तिथं तो बगलेवर चेंडू जपून ठेवायला, संघाला सावरायला वेळ द्यायला शिकला. २०२२-२३मध्ये सिटीनं तीन मोठे चषक जिंकले आणि त्यात त्याचा वाटा होता. संघाच्या दृष्टीनं सगळं बरोबर. पण पूर्वीचा ग्रीलिश बघायला मिळाला नाही, आणि चषकांनी माझी ही तक्रार मिटत नाही.

तरीही खेळ कोरडा पडलेला नाही, हे मी जुन्या मित्रांना पुन्हा पुन्हा सांगतो. बचावफळ्या इतक्या शिस्तीच्या झाल्या आहेत, की नुसत्या पासांनी त्या फुटत नाहीत. म्हणून प्रशिक्षक आता मुद्दाम चेंडू एका बाजूला फिरवून दुसऱ्या बाजूला जेरेमी डोकूसारख्या विंगरला बॅकसमोर एकटं सोडतात. लमिन यमाल सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, १४ जुलै २०२४ला, स्पेनकडून युरोचा अंतिम सामना जिंकला. आणि १३ डिसेंबर २०२२ची कतारमधली ती रात्र. कोल्हापुरात अर्जेंटिनाचे झेंडे लागलेले, पस्तिशीतला मेस्सी उजव्या कडेला आणि त्याच्या पाठीला चिकटलेला वीस वर्षांचा क्रोएशियाचा ग्व्हार्डिओल, त्या स्पर्धेतल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. मेस्सी धावला, थांबला, वळला, पुन्हा निघाला, गोलरेषेपाशी पोचला आणि अल्वारेझला चेंडू दिला. गोल. उजवी बगल, गोलरेषा, आत दिलेला चेंडू. १९५८च्या अंतिम सामन्यात व्हावाला मिळाला होता तसाच.

म्हणून कोल्हापुरात, मुंबईत, गोव्यात पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्यांना माझं एवढंच कळकळीचं मागणं आहे. आकडे जरूर ठेवा, आपल्या मैदानांवरच्या चांगल्या पोरांच्या नोंदी नसल्यानं पुष्कळ काही आधीच गेलं आहे. पण बारा वर्षांच्या विंगरला त्याच्या ड्रिबलची टक्केवारी दाखवू नका. आपल्या अर्ध्यात तो चेंडू घेऊन नाचला तर जरूर रागवा. समोरच्या गोलजवळ मात्र त्याला बॅकवर जाऊ द्या. चेंडू गेला तर परत मिळवायला धावायला लावा, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच बॅकवर जायला सांगा.